अंडी परतली, अंडदंत परतला नाही: उत्क्रांती उलट फिरते का?

प्रश्न असा आहे की, एखाद्या प्राणिवंशाने लाखो वर्षांपूर्वी गमावलेला अवयव किंवा गुणधर्म त्याला पुन्हा मिळू शकतो का. म्हणजेच उत्क्रांती उलट फिरू शकते का? प्रश्नकर्त्याने सोबत कोंबडीचे दात आणि सापाचे पाय ही दोन उदाहरणे दिली आहेत. मी पंचवीसहून अधिक वर्षे सापांच्या प्रजननाचा अभ्यास करतो आणि प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे सुरुवात सापांपासून करतो. कोंबडीकडे नंतर येतो. माझे मत आधीच सांगतो. गमावलेला गुणधर्म परत येऊ शकतो आणि आल्याचे भक्कम दाखलेही आहेत. परंतु तो गेलेल्या वाटेने परत येत नाही, आणि मुळात तो कितपत गेला होता हे तपासल्याशिवाय तो परत आला असे म्हणता येत नाही.

या चर्चेत ज्यांचे नाव नेहमी निघते ते लुई डोलो हे बेल्जियममधील जीवाश्मशास्त्रज्ञ. १८७८ मध्ये तेथील बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉन या डायनोसोरचे तीसहून अधिक सांगाडे सापडले आणि त्यांचा अभ्यास करण्यात डोलो यांची उमेदीची वर्षे गेली. १८९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या नियमाचा आशय असा, की कोणताही सजीव पूर्वजांच्या जुन्या अवस्थेत पुन्हा जसाच्या तसा, अगदी अंशतःसुद्धा, जाऊ शकत नाही. पुढे पाठ्यपुस्तकांतून हा नियम ‘एकदा गेलेले पुन्हा येत नाही’ इतका आखूड करून शिकवला गेला, आणि निम्मा गोंधळ तिथेच झाला. डोलो यांचा रोख जुना इतिहास पुसला जात नाही या मुद्द्यावर होता. झाडावर राहणाऱ्या कांगारूंचे त्यांनी केलेले विवेचन पाहावे. या कांगारूंचे फार जुने पूर्वज वृक्षवासी होते, मधले पूर्वज जमिनीवर उड्या मारू लागले, आणि त्यांच्यातील काही वंशज पुन्हा झाडावर चढले. राहणी जुनी झाली, पण पाऊल मात्र जमिनीवरच्या कांगारूचेच राहिले. फांदी पकडायला उपयोगी पडणारे पायाचे पहिले बोट एकदा गेले ते गेलेच. डोलो यांना म्हणायचे होते ते हे.

आता सापांकडे येतो. आपल्याकडे एकाच रानात दोन्ही प्रकारचे साप भेटतात. नाग, धामण, अजगर अंडी घालतात. घोणस, हरणटोळ, चापडा आणि मांडूळ थेट पिल्ले देतात. सरडे व सापांच्या एकूण वंशवृक्षात अंडी सोडून पिल्ले देण्याकडे झालेला बदल शंभराहून अधिक वेळा, एकमेकांशी संबंध नसलेल्या शाखांमध्ये, स्वतंत्रपणे घडला आहे. उलट दिशेचा बदल, म्हणजे पिल्ले देणाऱ्या वंशाने पुन्हा अंडी घालू लागणे, हा मात्र इतका दुर्मीळ की तो होतच नाही असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले होते.

मांडूळ ज्या कुलात मोडते त्या बोआ कुलातील बहुतेक साप पिल्लेच देतात. आपले मांडूळ आणि त्याचा जवळचा नातलग दुरक्या घोणस हे दोघेही एरिक्स या प्रजातीतील असून दोघेही पिल्ले देणारे आहेत. परंतु याच प्रजातीतील एक जात अरबस्तानच्या वाळूत राहते. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर असल्याने सगळे शरीर वाळूत पुरून, फक्त डोळे बाहेर ठेवून ती सावजाची वाट पाहते. आणि ती अंडी घालते. तिचे शास्त्रीय नाव एरिक्स जयकारी. हे जयकर म्हणजे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर आत्माराम सदाशिव जयकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अनेक वर्षे मस्कतमध्ये नेमणुकीस होते, आणि वैद्यकी सांभाळून तेथील मासे, सरपटणारे प्राणी व सस्तन प्राणी यांचे नमुने जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत असत. जॉर्ज बूलेंजर यांनी १८८८ मध्ये या सापाचे वर्णन करून त्याला जयकरांचे नाव दिले. ओमानच्या डोंगरांतील ताहर या रानबोकडाच्या शास्त्रीय नावातही जयकरच आहेत. आपल्याकडे या माणसाची आठवण फारशी काढली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

जयकरांच्या मांडुळाचे अंडी घालणे दोन प्रकारे समजावून घेता येते. एक शक्यता अशी, की या सापाने पूर्वापार चालत आलेली अंडी घालण्याची रीत सोडलीच नाही, आणि आजूबाजूच्या सगळ्या शाखा आपापल्या वेळी स्वतंत्रपणे पिल्ले देऊ लागल्या. दुसरी शक्यता अशी, की संपूर्ण कुलाचा पूर्वज पिल्ले देणारा झाला होता आणि या एका फांदीवर अंडी परत आली. व्हिन्सेंट लिंच आणि गुंटर वॅग्नर यांनी २०१० मध्ये अनेक जनुकांच्या आधारे बोआ कुलाचा वंशवृक्ष काढला, तेव्हा हा साप पिल्ले देणाऱ्या जातींच्या ऐन घोळक्यात बसलेला दिसला. गणिताचा कौल दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने पडला: कुल पिल्ले देऊ लागल्यानंतर जवळपास ६ कोटी वर्षांनी अंडी परत आली होती.

तरीही केवळ वंशवृक्षावरून काढलेल्या अनुमानावर मी विसंबत नाही, कारण एखादा गुणधर्म गमावणे आणि मिळवणे यांपैकी काय अधिक सोपे मानायचे, यावर त्याचे उत्तर फार अवलंबून असते. मिळवणे अशक्य मानून आकडेमोड सुरू केली तर उत्तर ‘परत आले नाही’ असेच येणार. दोन्ही सारखेच सोपे मानले तर जिथे तिथे पुनरागमन दिसू लागते. २०१४ मध्ये सरडे व सापांच्या फार मोठ्या वंशवृक्षावरून असे पुनरागमन अनेकदा झाल्याचे सुचवले गेले, तेव्हा अनेक जाणकारांनी नेमकी हीच हरकत घेतली, आणि ती मला योग्य वाटते. म्हणून वंशवृक्षाबाहेरचा, शरीरातला पुरावा हवा. जयकरांच्या मांडुळात तो सापडतो.

धामणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येताना ज्याने जवळून पाहिले असेल त्याला हा पुरावा लगेच कळेल. धामणीचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. कवच चिवट, चामड्यासारखे असते आणि बोटाने दाबले तर दबते. बाहेर यायच्या वेळी या कवचावर आतून ब्लेड फिरवल्यासारखी सरळ चीर पडते, कधी एक तर कधी दोन-तीन, आणि त्या चिरेतून ओले मुस्कट डोकावते. ही चीर पाडणारे हत्यार म्हणजे वरच्या जबड्याच्या अगदी टोकाला, पुढे झुकलेला एक बारीक दात. त्याला अंडदंत म्हणतात. पक्ष्यांच्या चोचीवरचा अंडदंत हा नुसता शिंगासारख्या पदार्थाचा उंचवटा असतो. सापांचा मात्र खरा दात असतो, आणि काम झाल्यावर तो थोड्याच दिवसांत गळून पडतो.

आता याच्या शेजारी मांडूळ ठेवू. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर, विहिरीच्या खोदकामात सापडलेली मांडुळाची एक मादी वनखात्याच्या परवानगीने आमच्या निगराणीत होती. दुसऱ्या रात्री तिने सहा पिल्ले दिली. प्रत्येक पिल्लू पातळ, पारदर्शक पिशवीत वेटोळे करून पडलेले होते, आणि पोटाशी थोडा पिवळा बलक शिल्लक होता. पिल्लाने दोन-चार वेळा तोंड वर रेटले, पिशवी ताणली गेली आणि फाटली; चिरण्याची गरजच पडली नाही. मी भिंगातून एकेकाचे मुस्कट पाहिले. धामणीच्या पिल्लात जिथे तो बारीक दात चमकतो, तिथे इथे काहीच नव्हते. पिल्ले देणाऱ्या बोआ कुलात कवच उरले नाही, म्हणून अंडदंताची गरज उरली नाही, आणि तो गेला.

जयकरांचे मांडूळ अंडी घालते, पण त्याच्या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लालाही अंडदंत नसतो.

माझ्या मते या विषयातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे. हा साप पूर्वापार अंडी घालत आला असता तर पूर्वापार चालत आलेले हत्यारही त्याच्याकडे असते. ते नाही, याचा अर्थ हा वंश मध्यंतरी पिल्ले देण्याच्या मुक्कामावर राहून आलेला आहे. अंडी परत आली, पण अंड्यांबरोबरचा सगळा जुना सरंजाम परत आला नाही. ‘पुन्हा जसेच्या तसे’ होत नाही असे म्हणणारे डोलो इथे बरोबर ठरतात, आणि ‘गेलेले पुन्हा येत नाही’ असे म्हणणारी पाठ्यपुस्तके चुकतात.

मग अंडी घालणे परत येऊ शकले, अंडदंत का नाही? कारण अंडी घालण्याची बहुतेक यंत्रणा कधी मोडलीच नव्हती. पिल्ले देणाऱ्या सापातही गर्भाचे पोषण मुख्यतः बलकावरच होते, त्यामुळे बलक तयार करणारी जनुके रोज कामात असतात. गर्भाभोवतीची आवरणे तीच असतात. कवचाचा थर पातळ झालेला असतो आणि गर्भ पोटात राहण्याचा काळ लांबलेला असतो, इतकेच. ऑस्ट्रेलियातील तीन बोटांच्या एका सापसुरळीत ही सीमारेषा किती पुसट असते ते दिसते: तिच्या काही समूहांत अंडी तर काही समूहांत पिल्ले होतात, आणि एका मादीने तर एकाच गर्भारपणात आधी अंडी व काही आठवड्यांनी जिवंत पिल्लू दिल्याची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अंडदंताला मात्र अंड्यातून बाहेर पडण्याखेरीज दुसरे काम नव्हते. ज्याला दुसरे काम नसते ते मोडले तरी कोणाचे काही अडत नाही, त्यामुळे मोडतोड साचत जाते.

हीच कसोटी सस्तन प्राण्यांना लावून पाहावी. आपलेही दूरचे पूर्वज अंडी घालत होते. परंतु दुधाने पोषण सुरू झाल्यावर बलकाच्या प्रथिनाची जनुके निकामी होत गेली. प्लॅटिपसमध्ये त्यांतले एक अजून चालू आहे, आणि माणसाच्या जनुकसंचात त्यांचे केवळ मोडके अवशेष उरले आहेत. मांडुळाला जो रस्ता उघडा राहिला तो आपल्या वंशासाठी कायमचा बंद झाला आहे.

जनुक निकामी होण्याला वेळ किती लागतो, याचा अंदाज चार्ल्स मार्शल आणि रॅफ दांपत्य यांनी १९९४ मध्ये मांडला. काम थांबलेल्या जनुकात चुका साचत जातात. पाच लाख ते साठ लाख वर्षांपर्यंत ते पुन्हा चालू होण्याची बऱ्यापैकी शक्यता असते, पण एक कोटी वर्षांपलीकडे, दुसऱ्या कोणत्या कामासाठी जपले गेले नसेल तर, ती आशा उरत नाही. माझ्या सगळ्या उत्तराचे मर्म त्या ‘दुसऱ्या कामा’त आहे. अल्पकाळाच्या बाजूचे एक सुंदर उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेटुनिया या फुलझाडाचे आहे. पांढऱ्या फुलांच्या पूर्वजात रंग देणारे जनुक एका लहानशा बिघाडाने बंद पडले होते. पुढे त्यातूनच निघालेल्या एका जातीत दुसऱ्या लहानशा बदलाने ते पुन्हा वाचता येण्याजोगे झाले आणि फुले गुलाबी झाली. पहिला बिघाड तिथे तसाच आहे, त्याची भरपाई तेवढी झाली आहे.

सापाच्या पायांचा प्रश्न याच चौकटीत बसतो. अजगर उलटा करून त्याच्या अवस्कराच्या, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या विष्ठाद्वाराच्या, दोन्ही बाजूंना पाहिले तर एकेक लहान, बोथट नखी दिसते. ती मागच्या पायाचा अवशेष आहे. आत कटीच्या व मांडीच्या हाडाचे तुकडेही असतात. पाय घडवणारे मुख्य जनुक सापांत शाबूत आहे, कारण तेच जनुक मेंदू आणि इतर अनेक अवयव घडवते. बिघडला आहे तो त्या जनुकाला ‘पायाच्या ठिकाणी चालू हो’ असे सांगणारा डीएनएचा तुकडा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरातील हा तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवला, तेव्हा उंदराची पिल्ले जवळजवळ बिनपायांची जन्मली. मग अजगराच्या तुकड्यात सापांच्या वंशात गळालेली १७ अक्षरे परत भरली, आणि उंदरांना पुन्हा नीट पाय आले. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, की मग अजगरातच ती अक्षरे भरली तर? त्याने अजगर चालू लागणार नाही. बाकीच्या शरीराने दहा कोटी वर्षे बिनपायांच्या हालचालीशी जुळवून घेतले आहे. मात्र पायांशी संबंधित इतर अनेक नियंत्रक तुकडे सापांत का टिकले, याचे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे: त्यांतले बरेच तुकडे जननेंद्रिय घडवण्याच्या कामीही येतात. पाय गेले तरी त्या तुकड्यांचा रोजगार गेला नाही.

कोंबडीच्या दातांचे तसेच, पण तिथे मोडतोड जास्त झाली आहे. १९८० मध्ये कोंबडीच्या भ्रूणाची तोंडातील त्वचा आणि उंदराच्या दाताखालील ऊती एकत्र वाढवल्यावर दातासारख्या रचना मिळाल्याचे जाहीर झाले. त्यावर बरीच शंकाही घेतली गेली. २००६ मध्ये एका विशिष्ट उत्परिवर्तनाच्या कोंबडीच्या भ्रूणात मगरीच्या पहिल्या दातांसारखे शंकू उगवलेले आढळले. हे भ्रूण अंड्याबाहेर येईपर्यंत जगत नाहीत. शंकू उगवतो, कारण दाताची सुरुवात करणारे संदेश पिसे वगैरे घडवण्यासाठी पक्ष्यांनी जपले आहेत. पण त्यावर एनॅमल, म्हणजे दातावरचे टणक आवरण, चढत नाही. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा एनॅमल व त्याखालचे डेंटिन यांच्याशी निगडित सहा जनुके त्या सर्व पक्ष्यांत निकामी आढळली; हा ऱ्हास सुमारे ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला असावा. म्हणून कोंबडीला दाताचा आकार येऊ शकतो, दात येणार नाही.

आतापर्यंत मी हरवलेल्या सुट्या भागांविषयी बोललो. पण सगळे भाग शाबूत असतानाही परतीची वाट बंद होऊ शकते. अमेरिकी शास्त्रज्ञ जो थॉर्नटन यांच्या गटाने २००९ मध्ये कॉर्टिसॉल या संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनाचा चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा पूर्वज प्रयोगशाळेत पुन्हा घडवला. तो पूर्वज एकाहून अधिक संप्रेरकांना प्रतिसाद देत असे. पुढे काही मोजक्या बदलांनी त्याचा वंशज फक्त कॉर्टिसॉलला ओळखू लागला. त्यांनी नव्या प्रथिनातील ते बदल उलटे केले, तेव्हा जुने काम परत यायला हवे होते. प्रत्यक्षात प्रथिन कामातूनच गेले. शोध घेतल्यावर असे दिसले, की मुख्य बदलांनंतर आणखी पाच बदल झाले होते, आणि त्यांनी जुन्या घडीला लागणारे आधार काढून टाकले होते. जुन्या वाड्यात माजघराची भिंत पाडली आणि नंतर त्या मोकळ्या जागेच्या हिशेबाने तुळया सरकवल्या, तर भिंत परत बांधण्याआधी तुळया मागे न्याव्या लागतात. प्रथिनातले ते पाच बदल मागे नेण्यात त्या क्षणी सजीवाचा काहीच फायदा नसतो, त्यामुळे नैसर्गिक निवड तिकडे ढकलत नाही. डोलो यांनी हाडे पाहून जे ओळखले होते त्याचे रेणूंच्या पातळीवरचे कारण इथे मिळते.

याच्या उलट, अल्पकाळात आणि एकाच समूहात तर उत्क्रांती सर्रास मागे-पुढे होते, आणि त्यात नवल काहीच नाही. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात सांडपाण्याने गढूळ झालेले पाणी १९६० च्या दशकात स्वच्छ केले गेले. पाणी नितळ झाल्यावर तेथील स्टिकलबॅक हे बोटभर मासे त्यांना खाणाऱ्या ट्राउट माशांना स्पष्ट दिसू लागले, आणि अंगभर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असलेल्या माशांचे प्रमाण १९६० च्या दशकाअखेरीस ६ टक्के होते ते २००५ पर्यंत ४९ टक्क्यांवर गेले. चिलखताचे जनुकरूप समूहात थोड्या प्रमाणात शिल्लक होतेच; निवडीचा काटा दुसरीकडे झुकला, एवढेच. मेक्सिकोतील आंधळ्या गुहामाशांचेही असेच. वेगवेगळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला तर काही पिल्ले डोळस निघतात, कारण प्रत्येक गुहेत बिघडलेली जनुके वेगळी आहेत आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

दोन वादग्रस्त उदाहरणांचा उल्लेख आवश्यक आहे. काडीकिड्यांत पंख गेले आणि अनेकदा परत आले असे २००३ मध्ये मांडले गेले; त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मीही त्या उदाहरणाला अंडदंताइतके वजन देत नाही, कारण तसा शरीरातला स्वतंत्र साक्षीदार तिथे मला दिसत नाही. गास्ट्रोथेका गुंथेरी या दक्षिण अमेरिकी बेडकाच्या खालच्या जबड्यातील दात मात्र मला पटतात. इतर बेडकांत खालचे दात वीस कोटींहून अधिक वर्षे नाहीत. पण बहुतेक बेडकांच्या वरच्या जबड्यात दात असतातच, म्हणजे दात घडवण्याचे कौशल्य वंशात अखंड वापरात होते. फक्त ते खाली वापरले जात नव्हते.

देवमाशाला कधीमधी मागचे पाय येतात ही गोष्ट खरी आहे. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ पकडलेल्या एका कुबड्या देवमाशाच्या अंगाबाहेर चार फुटांहून लांब पाय आलेले होते. परंतु हा एका जीवाच्या वाढीतला फरक होता. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून त्याचा समूह झाला तरच त्याला उत्क्रांती म्हणता येईल.

शेवटी सर्पमित्रांना आणि बचाव केंद्रांत काम करणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या निगराणीत मांडूळ, दुरक्या घोणस किंवा हरणटोळ व्याली, तर पहिल्या दिवशीच भिंगातून पिल्लाच्या वरच्या जबड्याचे टोक पाहा, जमल्यास समोरून आणि बाजूने छायाचित्र घ्या, आणि दात आहे की नाही, असल्यास केवढा, हे तारखेसह लिहून ठेवा. अंडदंत असलाच तर तो काही दिवसांत गळतो, त्यामुळे आठवड्यानंतर पाहून उपयोग नाही. मेलेले पिल्लू निघाले तर वनखात्याला कळवून ते जवळच्या प्राणिशास्त्र विभागापर्यंत पोहोचेल असे पाहा.